लोहचुंबक

नागावच्या एका तरुणाने वडिलोपार्जित वाडीत चार खोल्या बांधल्या आणि शनिवार-रविवारच्या मुंबईकरांना राहायला द्यायला सुरुवात केली. धंदा बरा चालला. धंदा बरा चालायला लागला की माणसाला आजवर न दिसलेल्या गरजा दिसू लागतात. याला दिसली ती लाल रंगाची, दोनच सीटची, छप्पर उघडणारी सॅन स्टॉर्म.

ही गाडी प्रत्यक्ष पाहिलेली माणसं थोडीच सापडतील. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने ती गोव्यात बनवायला घेतली. आखणी फ्रान्सची, इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं, ताकद साधारण साठ अश्वशक्ती, आणि वरचं सगळं अंग फायबरचं. आजची साधी हॅचबॅकही हिला चढावर मागे टाकेल. पण बुटकी, हलकी, आणि त्या काळात आपल्या शेजारच्या राज्यात कुणीतरी स्पोर्ट्स कार काढतंय, याचंच केवढं अप्रूप होतं! थोड्याच गाड्या निघाल्या. नंतर ते काम थांबलं.

किहीमच्या एका बंगल्यात अशी एक गाडी झाकून ठेवलेली आहे, अशी बातमी त्याला मांडव्याच्या जेटीवर एका दलालाने दिली. २०००चं मॉडेल, गोव्याचं पासिंग, मीटरवर अठ्ठावीस हजार किलोमीटर, मागणी साडेसहा लाखांची. तरुणाने रात्रभर हिशेब केला. दोनेक लाख जवळ होते, अडीच पतपेढी देईल, घासाघीस करून थोडे सुटतील, आणि उरलेले आपली जुनी वॅगन आर विकून उभे राहतील. वॅगन आरला गिऱ्हाईकही जवळजवळ ठरलं होतं. कार्ल्याचा एक शेतकरी, पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन पेणपर्यंत जायला त्याला गाडी हवी होती.

तरुणाचे मामा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. गावात कुणीही जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी मामांच्या ओटीवर यायचं. मामांनी भाच्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “किंमत किती?”

“सांगितलं ना, साडेसहा.”

“ती सांगायची किंमत झाली. द्यायची किंमत वेगळी, आणि पडायची किंमत तिसरीच. पहिली दलालाच्या तोंडात असते, दुसरी तुझ्या खिशात. तिसरी गाडीच्या पोटात असते, ती बघायला उद्या जाऊ.”

दुसऱ्या दिवशी दोघे निघाले. वाटेत थळला मामांनी गाडी थांबवायला लावली आणि होड्यांना फायबरचं काम करणाऱ्या एका कोळ्याला मागच्या सीटवर बसवलं. भाच्याला ते काही कळेना. त्याने स्वतः मोबाइलवर बघून बघून पुष्कळ तयारी केली होती. एका मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबकही काढून आणलं होतं. पत्र्यावर पोटीन भरून वर रंग मारला असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

किहीमला दलाल वाट बघत उभा होता. माळ्याने ताडपत्री ओढली. गाडी खरोखरच देखणी होती. भाचा पुढे झाला, चुंबक बॉनेटला लावलं, खाली पडलं. दाराला लावलं, पडलं. डिकीला लावलं, पडलं. दलाल मोठ्याने हसला. “साहेब, फायबरची बॉडी आहे. आयुष्यात गंजणार नाही. अमेरिकेत कोर्व्हेट १९५३ पासून फायबरचीच बनते.”

कोर्व्हेटबद्दल तो बोलला ते खोटं नव्हतं. खरी गोष्ट अर्धी सांगण्यात दलालांचा हात कुणी धरणार नाही.

मामांनी बॉनेटवर तळहात ठेवला. “इंजिन गरम आहे.”

“तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवलं होतं.”

“मग आता जरा बंद ठेवू. चहा मिळेल का?”

गार इंजिन पहिल्या चावीला कसं उठतं, उठताना निळा धूर टाकतं का, टॅपेट वाजतात का, हे सगळं सकाळच्या पहिल्या दोन मिनिटांत कळतं. गरम इंजिन पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं शहाणं असतं. मामा ओट्यावर ठाण मांडून बसले. दलालाने दोनदा घड्याळ बघितलं. मामांनी दुसरा चहा मागवला.

तेवढ्या वेळात कोळीदादा गाडीभोवती फिरला. बोटाच्या पेराने तो टिचक्या मारत होता, होडीच्या अंगावर मारतात तशाच. पुढून मागे येईपर्यंत आवाज टणटणीत होता, मागच्या चाकाच्या वर तो एकदम भद्द आला. त्याने वाकून रंगावर तिरपी नजर टाकली. केसाएवढ्या बारीक चिरा एका ठिकाणाहून सगळीकडे पसरलेल्या होत्या.

“हितं काय परलं व्हतं?” त्याने विचारलं.

“काही नाही. अपघात वगैरे झालेलाच नाही,” दलाल म्हणाला.

माळी मात्र भाबडा होता. “निसर्गात शेडचा वासा पडला होता,” तो म्हणाला. ३ जून २०२०. त्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन-मुरुडपासून इथपर्यंत वाड्याच्या वाड्या झोपवल्या होत्या. एका शेडचं काय घेऊन बसलात. कोळीदादाने मान डोलावली. “ह्याचं कायपन नाय. आतून नवीन मॅट घातलं, रेझिन मारलं का झालं. ह्ये सोप्पं हाय.”

मामा गाडीत शिरले. क्लचच्या पेडलचं रबर बघितलं; झीज अठ्ठावीस हजाराला शोभेल अशीच होती, म्हणजे मीटर खोटं नसावं. टायर चांगले काळेभोर आणि नक्षीदार होते. मामांनी टायरच्या कडेवर बोट फिरवून चार आकडे वाचले: २३१४. “दोन हजार चौदा सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. नक्षी शाबूत आहे, रबर मेलंय. चारही नवे लागतील.” मग त्यांनी सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत शेवटच्या टोकापर्यंत बाहेर काढला.

“हे कशाला?” भाच्याने विचारलं.

“महाडवरून आलेली आहे का बघतो. एकवीस सालच्या जुलैत सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या, तू पेपरात वाचलंच असशील. नंतर त्या धुतल्या, सुकवल्या, विकल्या. लोक सीटकव्हर बदलतात, खालचा गालिचा बदलतात, अत्तराची बाटली लावतात. पट्टा सगळा बाहेर ओढून धुवायचं सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते.” पट्टा स्वच्छ होता. मामांनी तो आत सोडला. “ही नाही बुडालेली.”

भाचा यावर काही बोलला नाही. तो उगाच टायरकडे बघत राहिला.

इंजिन गार झालं. चावी फिरवली, दोन वेळा कुरकुरून उठलं, धूर फारसा नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका नव्हता, म्हणजे पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळलेलं नव्हतं. भाच्याचा चेहरा उजळला. दलालाने ताबडतोब संधी साधली. “मामा, ही पुढे व्हिंटेज होणार. आज घ्या, उद्या दुप्पट.”

“व्हिंटेजला पन्नास वर्षं लागतात,” मामा म्हणाले. “२०२१चा नियम आहे केंद्राचा, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. ही दोन हजारची. म्हणजे दोन हजार पन्नास. तेव्हा मी नसेन, तुम्ही असाल तर भाच्याला दुप्पट द्या.”

आता गाडी उचलायची होती. जॅक लावला, खाली दोन ओंडके सरकवले आणि भाचा गोणपाटावर आडवा होऊन आत शिरला. गाडीचं पोट काळंकुळीत आणि चकचकीत होतं. नुकताच रंग मारलेला. “बघा, गंजाचा ठिपका नाही!” दलाल वरून म्हणाला.

फायबरचं अंग सहसा स्वतःचा भार स्वतः पेलत नाही. खाली लोखंडी सांगाडा असतो. इंजिन, चाकं, माणसं सगळी त्यावर. इंग्लंडात १९६२ साली लोटसची इलान आली, तीही अशीच, वर फायबर आणि मधोमध पोलादी कणा. तिकडचे जाणते आजही इलान घेताना रंग शेवटी बघतात, आधी कणा बघतात, कारण वरचं अंग कधीच चुगली करत नाही. साध्या पत्र्याच्या गाडीला दाराच्या खाली फोड येतात, मडगार्ड पापुद्रतं, घेणाऱ्याला सावध करतं. फायबरची गाडी वरून नवरीसारखी नटलेली राहते आणि खालचं लोखंड मुकाट्याने संपत जातं. फरक एवढाच की इलानचा नवा कणा तिकडे विकत मिळतो.

भाच्याने पडल्या पडल्या खिशातलं चुंबक काढलं. वर हसं झालं होतं, तरी सवयीने. पुढच्या आडव्या पट्टीला लावलं, टक्कन चिकटलं. मधल्या पट्टीला चिकटलं. ड्रायव्हरच्या सीटमागे, जिथे सांगाडा वळून मागच्या चाकाकडे जातो, तिथे लावलं आणि ते सुटून त्याच्या छातीवर पडलं. त्याने परत लावलं. परत पडलं. हात-दीडहात लांबीत चुंबक कुठेच धरेना.

“मामा, इथे लोखंड नाही!”

कोळीदादा शर्ट काढून आत घुसला. नखाने काळा रंग खरवडला. आतून पिवळट, काचेसारखी चमक दिसली आणि मग बारीक धागे. तो खाली पडूनच हसायला लागला. “मामानू, ह्ये तं होरीचं काम! मॅटचे दोन थर मारलंय, वरशी रेझिन. काम चांगला केलंय, पर चुकीचे जाग्याव केलंय.” त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्या थराच्या कडेत घालून हलकेच उचकटलं. आतून तपकिरी पापुद्रे त्याच्या तोंडावर भुरभुरले. पुढे स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. बंगला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दोन-चार वेळा हौसेने गाडी पुळणीवर नेली होती, असं माळी म्हणाला. खारं पाणी सांगाड्याच्या पोकळीत शिरलं. मीठ एकदा बसलं की हवेतला ओलावा ओढत राहतं, उन्हाळ्यातसुद्धा. वर ताडपत्री, खाली मातीची जमीन, दमटपणा जाणार कुठे? गाडी फार चालली नाही, हाच तिचा मोठा गुण म्हणून सांगितला जात होता, तोच तिचा आजार होता. रोज चालणाऱ्या गाडीला वारा लागतो, धुणं लागतं, महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मेकॅनिक तिच्या खाली शिरतो. हिच्या खाली कोणी शिरलंच नव्हतं. शिरला तो फक्त रंगारी.

मामांनी चहाच्या बिलाइतका कागदाचा तुकडा मागून घेतला आणि मागच्या बाजूला लिहायला बसले. फायबरचं कवच उचलून बाजूला ठेवायचं, सांगाडा कापून नवी पट्टी वेल्ड करायची, दीड-दोन लाख. टायर, ब्रेकच्या नळ्या, रबरी बुश, साठ हजार. मग कागदपत्रं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. हिचं २०१५ला झालेलं, २०२०ला राहून गेलेलं. म्हणजे आधी ते, मग गोव्याच्या आरटीओची एनओसी, मग पेणला आपला कर आणि एमएच-०६ नंबर. पन्नासेक हजार धरले. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं, ‘पुढची काच’, आणि समोरची जागा कोरी सोडली.

“काचेचे किती?” भाच्याने विचारलं.

“ते तू सांग. वडखळच्या रस्त्यावर डंपरच्या चाकातून खडा उडाला आणि काच फुटली. कुठल्या दुकानात जाशील?”

भाच्याकडे उत्तर नव्हतं.

“ज्या ओळीपुढे आकडा लिहिता येतो तो खर्च परवडतो रे. कोरी ओळ परवडत नाही.”

“पण मामा, दुर्मिळ आहे ना गाडी!”

“दुर्मिळ तर आहेच. आपल्या गावात दुर्मिळ पुष्कळ आहे. घेणारे दोन तरी पाहिजेत, तेव्हा दुर्मिळाची किंमत होते.”

मामांनी दलालाला सव्वादोन लाख सांगितले. दलालाचा पारा चढला. त्याने फोनवर कुणाला तरी, चार पावलं लांब जाऊन पण ऐकू येईल अशा आवाजात, ‘अलिबागसे आया है क्या’ छापाचं काहीतरी सुनावलं. या वाक्यावर बंदी घाला म्हणून एक अलिबागकर मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. २०१९ साली न्यायालयाने याचिका फेटाळली. कोर्टाने ते विनोदात सोडून द्यायला सांगितलं, तसं मामांनीही दिलं. कोळीदादा तेवढा म्हणाला, “हो, अलिबागवरशीच आलूं. म्हून तं खाली वाकून बगितलं.”

परतताना बराच वेळ कोणी बोललं नाही. चोंढीच्या नाक्यावर भाचा म्हणाला, “मालकाला कदाचित ठाऊकही नसेल.”

“नसेल. त्यानेही कुणाकडून तरी अशीच घेतली असेल. पण रंग ताजा होता. मारणाऱ्याला ठाऊक होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्ल्याचा शेतकरी आला. वॅगन आर अंगणात धुऊन-पुसून उभी होती. नवी सीटकव्हरं, नवा गालिचा, आरशाला चंदनाच्या वासाची बाटली. सांगायची किंमत एक लाख साठ हजार. शेतकऱ्याने गाडीला एक फेरी मारली, दार उघडून मिटलं आणि धोतराच्या सोग्याने हात पुसले.

“मी काय बघायचं? तुझ्या मामांच्या घरातली गाडी. त्यांची नजर फिरलेली असणार. पैसे आणलेत.” त्याने पिशवी पुढे केली.

भाच्याने पिशवीला हात लावला नाही. आदल्या रात्री त्याला झोप लागली नव्हती असं काही नाही. चांगली लागली होती. गाडी पावणेदोन वर्षं विनातक्रार चालत होती, हेही खरं होतं. एकवीस सालच्या जुलैत तो सासुरवाडीला महाडला गेला होता, गाडी बाजारपेठेमागच्या गल्लीत उभी होती, आणि विमा फक्त थर्ड पार्टीचा असल्यामुळे सगळी दुरुस्ती त्याने गुपचूप पेणला करून घेतली होती. मामांना सांगितलं होतं, क्लच गेला.

“काका, बसा आत,” तो म्हणाला. शेतकरी ड्रायव्हरच्या सीटवर बसला. भाच्याने सीटबेल्ट धरला आणि ओढायला लागला. पट्टा येत राहिला, येत राहिला, शेवटच्या वीतभर भागात करड्या गाळाची आडवी रेघ होती.

“हे काय?”

“महाडचा पूर. खिडकीच्या काचेपर्यंत पाणी होतं. इंजिन खोलून साफ केलंय, त्याचं बिल दाखवतो. वायरिंग मात्र जुनंच आहे. आज चालतंय, कधी दगा देईल सांगता येत नाही.”

शेतकऱ्याने पिशवी काखेत घेतली. रागावला की विचारात पडला ते कळेना. “आधी का नाही बोललास? फोनवर तर चकाचक म्हणालास.”

“म्हणालो.”

तेवढ्यात मामा फाटकातून आत आले. त्यांनी बाहेर लोंबणारा पट्टा बघितला, रेघ बघितली, भाच्याकडे बघितलं. “क्लच गेला होता नाही का रे?” एवढंच म्हणाले.

“मामा, कागद घ्या,” भाचा म्हणाला. “हिशेब मांडा. माझ्या बाजूने नको, यांच्या बाजूने मांडा.”

मामांनी चष्मा लावला. अख्खं वायरिंग, चारही दारांच्या कड्यांतला गंज, एक बॅटरी, ब्रेक. सगळ्यापुढे आकडे लिहिता आले. वॅगन आरचे पार्ट अलिबागच्या कुठल्याही दुकानात मिळतात. बेरीज झाली पंचेचाळीस हजार. शेतकऱ्याने ती बोटांवर परत केली आणि म्हणाला, “एक लाख पंधरा. पण बिल आत्ता दाखव, आणि वायरिंगवाल्याकडे तू स्वतः यायचं.”

“येतो.”

“आणि ही बाटली काढ रे बाबा. कांद्याच्या गाडीत चंदन कसलं?”